दोन बोटांची जागा

अनोळखी माणसांच्या कमरेकडे टक लावून बघत हिंडणारा आणि तरीही आजवर एकदाही मार न खाल्लेला माणूस अख्ख्या युरोपात एकच होता, आणि तो वीस महिने आमच्या आयर्लंडमधल्या मेनूथच्या घरात, जिन्याला लागून असलेल्या लहान खोलीत राहत होता. ते माझे सासरे. घरीदारी सगळ्यांचे आबा. माणूस भेटला की आपण आधी चेहरा बघतो, फार तर चपला बघतो. आबा कंबर बघतात. मला बघायला ही मंडळी कोल्हापूरहून पुण्याला आली तेव्हा माझ्या एमएस्सीच्या मार्कांकडे आणि आईने खपून केलेल्या साटोऱ्यांकडे काडीचंही लक्ष न देता हा गृहस्थ पंधरा मिनिटं माझ्या कमरेकडे बघत बसला होता. पाहुणे गेल्यावर आईने तोंड वाकडं केलं आणि हे स्थळ नको म्हणून जाहीर केलं. पुढे कळलं ते असं, की मी साडीच्या कमरेत डाव्या बाजूला मोबाइल खोचला होता आणि आबांनी परतीच्या गाडीत सासूबाईंना सांगितलं होतं, “पोरगी हुशार हाय. वस्तू डावीकडं ठेवलीया, उजवा हात मोकळा.” माझं लग्न या एका गुणावर ठरलं. बाकीच्या पुणेरी गुणांना कोल्हापुरात कुणी विचारत नाही, हे मी तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं.

आबा पोलिसात होते, पण गणवेशातले नव्हेत. नोकरीची तीस वर्षं त्यांनी साध्या वेशातला अंगरक्षक म्हणून काढली. कधी मंत्री, कधी एखाद्या खटल्यातला साक्षीदार, एकदा तर घाबरट स्वभावाचे एक कुलगुरू. बाहेर सोडलेला बुशशर्ट, पायांत कोल्हापुरी वहाण, आणि शर्टाच्या आत कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर. घरात त्याला रिव्हॉल्व्हर म्हणायची मनाई होती. ती ‘वस्तू’. आणि ती ज्यात ठेवायची ती कमरेची चामडी खोळ, जिला जग होल्स्टर म्हणतं, ते ‘घर’. सरकारने दिलेलं घर फार वाईट होतं म्हणे, कातडं राठ आणि शिवण नेमकी हाडावर येणारी. दुसरा कुणी असता तर अर्ज करत बसला असता. आबा सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वहाणा करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसू लागले, कातडं कापायची रापी कशी धरायची, भोक पाडायची आरी कशी टोचायची, दोऱ्याला मेण कसं लावायचं ते शिकले, आणि सोळा घरं बिघडवून सतरावं घर स्वतःच्या हाताने शिवलं. ते शेवटपर्यंत वापरलं. वस्तू मात्र तीस वर्षांत एकदाही घराबाहेर काढावी लागली नाही. याचा त्यांना कोण अभिमान. अंगरक्षकाचं काम वस्तू काढणं नव्हेच, असं ते म्हणत. गर्दीत तोंडं बघायची नाहीत, हात बघायचे. जो हात कमरेकडे जातो आणि तिथेच थांबतो, त्याच्या आणि साहेबाच्या मध्ये जाऊन उभं राहायचं, झालं काम.

आराम हा विषय मात्र आबांसमोर चुकूनही काढू नये. संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. वस्तू मागे खोचली तर जीपमध्ये बसताना मणक्यात रुतते. उजव्या कुशीला ठेवली तर वाकलं की शर्टावर उठाव दिसतो, आणि उठाव दिसला तर मग लपवून काय मिळवलं? काखेत टांगली तर एप्रिल-मे घामोळ्यात जातात. पोटावर ठेवली तर जेवण जात नाही, आणि कोल्हापूरच्या माणसासाठी तो विषय तिथेच संपतो. या सगळ्यातून तावूनसुलाखून त्यांनी जागा निवडली होती ती डाव्या कुशीच्या जरा पुढे, शेवटच्या बरगडीखाली. यात काहीतरी पोलिसी शास्त्र असणार असं वाटून मी एकदा खोदून विचारलं. म्हणाले, “तुझी सासू स्कूटरवर मागं बसायची. उजव्या हातानं माझी कंबर धरायची. तिच्या हाताला लागू नये म्हणून डावीकडं.” पट्ट्याचा नियमही त्यांनी तिथेच सांगून टाकला. पट्टा आवळला की आत दोन बोटं जायला हवीत. एकच गेलं तर श्वास अडतो, तीन गेली तर वस्तू हलते. आणि बोटं आबांची, आलतूफालतू कुणाची नव्हेत. मुलाच्या शाळेच्या पट्ट्यापासून ते माझ्या डोहाळजेवणातल्या फुलांच्या कमरपट्ट्यापर्यंत सगळीकडे त्यांनी ही दोन बोटं घालून पाहिलेली आहेत.

निवृत्त झाल्यावर वस्तू सरकारजमा झाली. घर आबांकडेच राहिलं आणि रोज सकाळी आंघोळ झाली की रिकामं घर कमरेला चढू लागलं. त्याशिवाय म्हणे चालताना तोल जातो. सासूबाई गेल्यावर ते घरात एकटेच उरले, तेव्हा माझ्या नवऱ्याने हट्टाने त्यांना तीन महिन्यांसाठी आयर्लंडला बोलावलं. ती २०२०ची फेब्रुवारी. मुंबईच्या विमानतळावर तपासणीत कमरेला पिस्तुलाची खोळ सापडल्यावर काय होतं याची कल्पना करा. आत काय होतं म्हणून विचारल्यावर आबांनी, “भाडेकरू गेला, घर माझं हाय,” असं उत्तर दिलं, त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं. इकडे आम्ही फोनवर फोन लावतोय, विमान सुटायची वेळ होत आली, आणि हा माणूस सगळ्यात शेवटी, हातात चहाचा कप घेऊन विमानात चढला. झालं असं होतं, की चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या कमरेवरचं होल्स्टर दोन बोटं खाली बसलं होतं आणि आबांनी त्याला तो लंगडत का चालतो ते समजावून सांगितलं होतं.

इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना पहिला धक्का बसला. मेनूथच्या मुख्य रस्त्यावर त्यांनी एक पोलीस पाहिला, इथे त्याला गार्ड म्हणतात, आणि ते त्याच्याभोवती पूर्ण एक प्रदक्षिणा घालून घरी आले ते मलूल होऊन. वायरलेस आहे, टॉर्च आहे, दांडकं आहे, वस्तू नाही. एकाचं हरवलं असेल म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्यात आणखी तीन गार्ड तपासले. मग नवऱ्याने सांगितलं की इथे साधा पोलीस वस्तू बाळगतच नाही. आबा दोन दिवस कमी जेवले. तिसऱ्या दिवशी आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, “सतरा घरं शिवली मी. सगळ्यात आरामाचं घर ह्यांनीच काढलं बघ. वस्तूच न्हाई ठेवायची.” त्यानंतर त्यांचं गावाशी सूत जुळलं. मार्चात सगळं बंद झालं, परतीचं विमान रद्द झालं, आणि आबा रोज कालव्याकाठी, परवानगी असेल तितकेच किलोमीटर, लोकांच्या कमरा बघत फिरू लागले. पोस्टमन फोन मागच्या खिशात ठेवतो, त्याची कंबर धरणार, हे त्यांनी मला सांगितलं आणि मला ते त्या पोस्टमनला सांगावं लागलं. लांब काळा झगा घालून जाणारे एक पाद्री दिसले की त्यांच्या डोळ्यांत निखळ व्यावसायिक कौतुक यायचं. त्या झग्यात दोन वस्तू मावतील आणि देवालाही पत्ता लागणार नाही, असं त्यांचं मत होतं. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

त्यांचा खरा जोडीदार होती आमची रेवा. वय वर्षं दहा. हिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की बाहेर येतं ते इथल्या किल्डेअर परगण्याचं इंग्रजी. आबांना इंग्रजीतले शब्द येतात ते सगळे पंचनाम्यातले. तरी या दोघांचं कधी अडलं नाही. ती तिच्या भाषेत बोलायची, ते त्यांच्या, आणि दोघं मिळून मला हसायची.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रेवाला मधुमेह असल्याचं कळलं. मुलांना होतो तो, इन्शुलिनवाला. पोरगी बघता बघता वाळली होती, नळाला तोंड लावून पाणी प्यायची, आणि मी, संशोधक म्हणवणारी बाई, ती उंच होतेय म्हणून बारीक दिसते असं सगळ्यांना सांगत फिरत होते. ते दिवस मला अजूनही नीट आठवत नाहीत, आणि आठवायचेही नाहीत. सुई टोचायची वेळ झाली की आबा रेवासमोर येऊन बसायचे आणि आपलं बोट पुढे करायचे, जोरात दाबायला. तिने दाबलं की मोठ्याने ओरडायचे. दोन महिने असं बोट दाबून घेतलं.

पुढच्या वसंतात पंप आला. फोनएवढं यंत्र, त्यातून एक बारीक नळी निघून पोटावर चिकटवलेल्या सुईत जाते आणि थेंब थेंब इन्शुलिन आत जात राहतं. दंडावर एक सेन्सर बसतो, तो साखर मोजतो, आणि साखर फार उतरली की पंप पिपाणीसारखा ओरडतो. दिवसाला चार-पाच सुया वाचणार म्हणून त्या यंत्राची पूजा करायचीच तेवढी मी बाकी ठेवली होती. रेवाने ते तीन दिवस वापरलं. यंत्राबरोबर आलेला इलॅस्टिकचा पट्टा वर चढायचा, काचायचा, आणि शाळेच्या जर्सीखाली टेंगूळ दिसायचं. चौथ्या दिवशी शाळेतून फोन आला, की रेवा पंप घालून आलेलीच नाही. तो सापडला आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये. प्रेस म्हणजे कपाट, इथे तसंच म्हणतात. पोह्यांच्या डब्यामागे ठेवून पोरगी शाळेत गेली होती. मी संतापले, रडले, तिचा बाबा समजावून थकला. तिचं म्हणणं एकच: सगळ्या मुली बघतात. हॉस्पिटलमधल्या नर्सने फोनवर शांतपणे सांगितलं, मूल स्वतःहून वापरणार नसेल तर पंप परत घेऊन पुन्हा इंजेक्शनं सुरू करावी लागतील. दोन आठवडे बघू म्हणाली. मी फोन ठेवला तेव्हा आबा पंप तळहातावर घेऊन त्याचं वजन अजमावत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “हिला घर कुणी शिवलंय? लई वाईट शिवलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेवाला समोर बसवून रीतसर जबानी घेतली. वर्गात कुठल्या हातावर रेलून बसतेस? कुठल्या कुशीवर झोपतेस? दप्तराचा पट्टा कुठे घासतो? काठी कुठल्या हातात वर असते? ही काठी म्हणजे कॅमोगीची. इथल्या मुलींचा खेळ, हॉकीसारखा, फक्त चेंडू हवेतून येतो आणि काठ्याही. रेवा सातव्या वर्षापासून खेळते, आणि पंप आला तेव्हा तिची पहिली भीती खेळ सुटेल ही होती. इतक्या लोकांनी तिला इतके प्रश्न विचारले होते, पण ते सगळे साखरेबद्दल. ती कशी बसते, झोपते, खेळते हे विचारणारे आबा पहिलेच. ती एक तास बोलली. आबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी वहीत चित्रं काढली.

मग तालीम सुरू झाली. नवं घर गिऱ्हाइकाला देण्याआधी शिवणाऱ्याने स्वतः सात दिवस वागवायचं, गिऱ्हाईक जे जे करतं ते सगळं करून बघायचं, हा आबांचा नियम. दुकानं बंद, तेव्हा कातडं कुठून आणणार? माझ्या नवऱ्याची ऑफिसची चामडी बॅग एके दिवशी दिसेनाशी झाली, आणि विचारल्यावर, हापिस बंद हाय तर पिशवीला काय काम, असा उलट सवाल आला. अस्तराला माझी मऊ झालेली सुती साडी गेली. पंपाच्या वजनाची अंगाच्या साबणाची वडी तासून घेतली. आणि अडुसष्ट वर्षांचा हा माणूस शर्टाखाली साबण बांधून रेवाच्या टेबलाशी तासन्‌तास बसला, दप्तर लावून कालव्यापर्यंत चालला, शेजाऱ्यांच्या परसातल्या ट्रॅम्पोलीनवर त्यांची परवानगी काढून चौदा उड्या मारून आला. सहाव्या दिवशी आमच्या घरासमोरच्या हिरवळीवर ते कॅमोगीची काठी घेऊन धोतर खोचून धावत होते आणि त्या दिवशी नेमका पाऊस आला. साबणाला फेस आला. कमरेखाली पांढरा फेस गाळत धावणारा म्हातारा आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी खिडकीतून पाहिला. आबा मात्र आत येऊन गंभीरपणे म्हणाले की अस्तर ओलं झालं तरी काचत नाही, पण शिवण अर्धं बोट वर घ्यावी लागेल.

घर तयार झालं ते खरंच देखणं होतं. रेवाच्या डाव्या कुशीच्या जरा पुढे, शेवटच्या बरगडीखाली. दुहेरी कातड्यात पंप असा बसला की जर्सीवर सुरकुतीसुद्धा नाही. आबांनी तिला चालायला, वाकायला, उडी मारायला लावली आणि स्वतः डोळे बारीक करून तिच्याभोवती फिरले. उठाव नाही. शेवटी पट्ट्यात दोन बोटं घालून मान हलवली. रेवा आरशासमोर उभी राहिली, आधी या बाजूने, मग त्या बाजूने, आणि म्हणाली, “ग्रँड.” इथल्या बोलीत याहून मोठी पावती नाही. त्या दिवसापासून पंप कमरेवरून उतरला नाही. दोन आठवड्यांनी नर्सचा फोन आला तेव्हा मी तिला साखरेचे आकडे दोनदा वाचून दाखवले. वर्गातल्या एकाही मुलीला पत्ता लागला नव्हता. आबा कोल्हापूरला फोन लावून आपल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगत होते, अठरावं घर सगळ्यांत भारी झालंय, वस्तू ओरडली तरी बाहेर आवाज येत नाही.

तिथेच चूक होती. घरात दोन शिकलीसवरलेली माणसं असून आम्हालाही ती दिसली नाही.

जूनमधला शनिवार. कॅमोगीचा सराव. पालकांनी कुंपणाबाहेर, एकमेकांपासून लांब उभं राहायचं असा नियम होता. मी उभी होते, पण फोनमध्ये डोकं घालून कुणा विद्यार्थ्याच्या मेलला उत्तर देत होते. हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते विसरायची सोय मी स्वतःला देऊ इच्छित नाही. रेवाची कोच तबेल्यात काम करणारी दणकट, प्रेमळ बाई. रेवाला मधुमेह आहे हे तिला माहीत होतं, गोड काय द्यायचं तेही. पण मुलींच्या डोक्यावर हेल्मेट, त्याला पुढे जाळी, जाळीमागे चेहरा पांढरा पडलेला कुणाला दिसणार? आणि पंप ओरडत होता. दुहेरी कातड्यात, माझ्या साडीच्या अस्तरात, जिवाच्या आकांताने ओरडत होता, आणि तीन हातांवरच्या मुलीलाही ऐकू येत नव्हता.

आबा कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते तोंडं बघत नाहीत. मैदानावरच्या बावीस मुलींचे हात काठ्यांवर होते आणि एक हात काठी सोडून कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की माझे सासरे कुंपणावरून पलीकडे गेले आहेत, वहाणा अलीकडे पडल्या आहेत आणि ते अनवाणी त्या ओल्या गवतावरून मैदानाच्या मधोमध धावत सुटले आहेत. कोच हात वर करून ओरडत होती. रेवाचे गुडघे वाकले आणि त्याच वेळी आबा पोचले. त्यांनी एका हाताने तिला धरलं आणि दुसरा हात स्वतःच्या शर्टाखाली घातला. आयुष्यात पहिल्यांदाच. मला वाटायचं त्या रिकाम्या घरात ते चष्मा ठेवतात. त्यातून निघाली ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी. रिव्हॉल्व्हरच्या जागेत ती अगदी बेताची बसते. ऑक्टोबरपासून ते रोज ती कमरेला लावून हिंडत होते, आणि आमच्यापैकी कुणालाही उठाव दिसला नव्हता.

मी पोचेपर्यंत तीन गोळ्या तिच्या तोंडात गेल्या होत्या. दहा-बारा मिनिटांत तिच्या ओठांवर रंग आला, वीस मिनिटांत ती चिडचिड करू लागली, म्हणजे सगळं ठीक. कोचने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “युअर मॅन कॅन रन.” युअर मॅन म्हणजे तो गृहस्थ, इथे कुणालाही असंच म्हणतात. गृहस्थ गवतावर बसले होते. तीस वर्षं ज्या हातांचा त्यांना अभिमान होता ते हात त्यांना मांडीखाली दाबून ठेवावे लागले.

घरी आल्यावर त्यांनी चहाही न घेता रापी काढली आणि अठराव्या घराची शिवण उसवायला बसले. मी शेजारी जाऊन बसले. मला त्यांना सांगायचं होतं की चूक तुमची नाही. पण आधी तेच म्हणाले, “सूनबाई, माझी वस्तू कुणाला कळू नये म्हणून होती. हिची समद्यांना कळाय पायजे. येवढा फरक मला कळला न्हाई.” मी त्यांचा हात धरला. सुनेने सासऱ्यांचा हात धरायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी तो काढून घेतला नाही.

मला वाटलं आता रेवा पुन्हा पंप प्रेसमध्ये ठेवणार. सगळ्या संघाने पाहिलं, जे नको होतं तेच झालं. पण सोमवारी ती शाळेतून आली ती थेट आबांसमोर जाऊन बसली, पुन्हा जबानी द्यायला. मुलींनी पंप बघायला मागितला होता. बटणं दाबू का म्हणून विचारलं होतं. आपल्या आजोबांना असं धावता येत नाही, असं एकीने कबूल केलं होतं. तर आता तिला घर हवं होतं ते जर्सीच्या वरून, बाहेर, संघाच्या रंगात, आणि त्यावर तिचा सात नंबर. आबांनी मान खाली घालून सगळं टिपून घेतलं. एकोणिसावं घर एकेरी कातड्याचं झालं, आवाज यावा म्हणून जाळीदार भोकांचं, वर लाल फीत, कुणीही ओढली की पंप बाहेर. सात दिवसांची तालीम झालीच. आबा सात नंबर लावून गावभर फिरले, आणि या वेळी लोक त्यांच्या कमरेकडे बघत होते.

सप्टेंबर संपता संपता विमानं नीट सुरू झाली आणि आबांनी परतायचं ठरवलं. घर किती दिवस बंद ठेवायचं, असं म्हणाले, आणि या वेळी घर म्हणजे कोल्हापूरचं घर. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि आपलं सतरावं घर, गोळ्यांसकट, माझ्या हातात ठेवलं. डावीकडे लाव, उजवा हात मोकळा ठेव, एवढंच सांगितलं. तेव्हापासून मी विद्यापीठात कार्डिगनखाली पोलिसी होल्स्टर लावून शिकवते. खुर्चीत बसताना रुतत नाही, फळ्यावर लिहिताना हलत नाही. आणि मला खोटं बोलता येत नाही, मीही आता लोकांच्या कमरा बघते.

रेवाला त्यांनी दिली ती कातड्याची एक छोटी पट्टी, आपली दोन बोटं जोडून त्यांच्या मापाने कापलेली. दर रविवारी कमरपट्ट्यात घालून बघायची. ती आत गेली म्हणजे पट्टा ठीक. विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून आबा या वेळी बिनबोभाट पार झाले. पलीकडे जाऊन उगाचच थांबले, डाव्या कुशीला हात लावून बघितला, तिथे काही नव्हतं, आणि चालू लागले. चालताना त्यांचा तोल किंचित जात होता. रेवा म्हणाली, आबा उजवीकडे झुकतायत. मलाही दिसत होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी रेवा पट्टी हातात घेऊन खाली आली. आत जात नव्हती. गेल्या वर्षी जिची हाडं मोजता यायची ती माझी मुलगी अंगाने भरली होती, पट्टा घट्ट होत होता. आम्ही आबांना फोन लावला. पडद्यावर ते आले, मागे त्यांचं स्वयंपाकघर, कमरेला काही नाही. रेवाने पट्टी पट्ट्याशी धरून दाखवली आणि चक्क मराठीत म्हणाली, “आबा, तुमची बोटं आत जात नाहीत.”

आबांनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, “मग मला यावं लागतंय.”

माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे तिकिटं बघायला घेतली. पट्ट्याचं मोकळं टोक वीतभर लांब आहे आणि त्यावर आबांनी एकही भोक पाडून ठेवलेलं नाही. त्यांची आरी आमच्याच प्रेसमध्ये, पोह्यांच्या डब्यामागे आहे. भोक पाडायला एक मिनिट लागतं हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. नवरा तारखा वाचून दाखवू लागला.